वादळाचे वेध

सूर्यावरचं वादळ जमिनीवरच्या माणसाला काही करत नाही. उपग्रहांना, फार तर विमानांच्या बिनतारी संदेशांना त्रास होतो. हे आईला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण तिच्या फोनवर कुणीतरी पाठवलं, ‘सौर वादळ येत आहे, बीपी-शुगरवाल्यांनी जपावं,’ आणि तिनं सरळ ग्रहण पाळायला घेतलं.

दुपारी कमलनगरचं दुकान बंद करून घरी आलो, तर दारं-खिडक्या लावलेल्या, घागरीत तुळशीची पानं, आणि सकाळच्या भाकरी दुरडीत तशाच.

“कामून जेवली न्हाईस?”

“वेध लागलेत. सुटल्यावर जेवते.”

“अगं, हे ग्रहण न्हाई! आन् आजाऱ्याला वेध नसतेत.”

“मी कुठं आजारी हाय?”

वर्षानुवर्षं शुगरच्या गोळ्या खाणारी बाई हे म्हणते! मी कपाळाला हात लावला. निदान आजची गोळी तरी घेतली नसेल, या आशेनं तिला विचारलं.

“घेतली की. औषधाला वेध न्हाईत.”

पोटात अन्नाचा कण नाही आणि वर शुगर उतरवणारी गोळी! माझं डोकंच फिरलं. मी बडबडत होतो तोवर तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. शेजारची अक्का डोकावली आणि म्हणाली, “बघ अण्णा, वादळ लागलं!”

“अक्का, शुगर उतरलीय तिची!” मी खेकसलो.

साखरेचं पाणी करून पेला आईच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले, मान फिरवली. मी ओरडलो, विनवलं, शेवटी पाया पडलो. तिचे डोळे जड होत चालले होते. शुद्ध हरपली तर पाजताही येणार नाही. ग्रहणाला निदान पंचांगात सुटायची वेळ असते, या वादळाला तीही नाही.

मी खिशातून फोन काढला आणि बंद पडद्याकडे बघत म्हणालो, “आई, सुटलं. आत्ताच फोनवर आलंय.”

“खरं? मग आण.”

तिनं पेला रिकामा केला. थोड्या वेळानं थरथर थांबली, घाम ओसरला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मलाच बजावलं, “बघ, सुटल्या सुटल्या कसं बरं वाटायलंय. म्हणून पाळावं लागतंय.”