पदराखालचा हात

निमगाव केतकीच्या आठवडी बाजारात गौहरभाभी कुठं बसते, हे कुणाला विचारावं लागत नसे. बायकांचं कोंडाळं दिसलं आणि त्यातून खिदळणं ऐकू आलं, की समजायचं मधे ती असणार. सकाळी इंदापूरच्या एसटीतून उतरायची, चिंचेखाली पथारी टाकायची आणि दिवे लागायच्या आत चाळीस-पन्नास बायकांना बांगड्या भरून परतीची गाडी गाठायची. नवरा गुलजार टेम्पोवर, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. त्यामुळं घरही तिच्याच अंगावर आणि धंदाही. वय सत्तेचाळीस. हात एक.

म्हणजे तसे होते दोन. पण डावा, ती दीड वर्षाची असताना पोलिओनं गेला. खांद्यापासून वाळलेला, बोटं तेवढी थोडीफार मिटायची. आता बांगडी भरणं हे मुळातच दोन हातांचं काम. एका हातानं बाईचा पंजा धरायचा, दुसऱ्यानं दाबून बांगडी वर सरकवायची. गौहर दोन्ही कामं उजव्यानंच करायची. बाईचं कोपर आपल्या गुडघ्यांत पकडायचं, अंगठ्यानं आणि शेवटच्या दोन बोटांनी पंजा आवळायचा आणि उरलेल्या दोन बोटांनी बांगडी चढवायची. बघणाऱ्याला वाटे, काय सफाई आहे! त्या सफाईचा सगळा जोर खांद्यातून येतो, हे बघणाऱ्याला कसं दिसणार?

आणि डावा हात कायम पदराखाली. त्याला कारण झालं होतं डाळजचं एक लग्न. गौहर तेव्हा एकोणीस वर्षांची, नवी सून, सासूबरोबर चुडा भरायला गेलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हिरवा चुडा भरायचा, मग घरातल्या आणि भावकीतल्या बायकांना. चुडा भरून झाला की नवरी बांगडीवालीच्या पाया पडते, मग ती कुठल्या का धर्माची असेना. त्या दिवशी नवरीची बोटं धरायला गौहरनं डावा हात पुढं केला, आणि नवरीची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "तो लुळा हात नको लावूस बाई चुड्याला."

सासूनं तिथल्या तिथं सुनेचा पदर ओढून हात झाकला. सासू वाईट नव्हती. एका हातानं भरायची रीत तिनंच महिनाभर आपला स्वतःचा पंजा पुढं करून शिकवली. पण हा हात दिसला की गिऱ्हाईक उठलं, ही भीतीही तिनंच सुनेच्या मनात घातली, आणि ती मात्र शिकवावी लागली नाही. आत्या कधीच मरून गेली, सासूही गेली. पदर काही हलला नाही.

वर गौहरचं नाव झालं, हे आणखी वाईट. बांगडी फुटली असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात, आणि नवरीची वाढली तर बायकांची तोंडं उतरतात. "भाभीच्या हातनं बांगडी वाढत न्हाय," असं निमगावपासून भिगवणपर्यंत बोललं जाई. माणसाला एकदा असं नाव मिळालं की ते सांभाळायला तो काय काय पणाला लावेल याचा नेम नसतो.

गेल्या दिवाळीपासून उजवा खांदा दुखायला लागला. आधी तेल चोळलं, मग गोळ्या झाल्या, मग शेकणं. पुढं केस विंचरताना हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा सून नौशीन तिला जवळजवळ ओढतच बारामतीला घेऊन गेली. नौशीन दोन लेकरांची आई, शांत पण चिवट. एमआरआयचे फोटो निघाले. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर निकिता मॅडमनी फोटो उजेडाकडं धरला आणि विचारलं, "डाव्या हातानं काय काय करता?"

"काय न्हाय. तो कशाला यील?"

"म्हणजे पंचेचाळीस वर्षं एकच हात दोघांचं काम करतोय." मॅडम खुर्ची पुढं ओढून बसल्या. "हे बघा भाभी, खांद्याचा स्नायू निम्मा तुटलाय. उरलेला निम्मा वाचवायचा. तोही गेला तर हा हात वर उचलणार नाही, आणि तुमच्याकडं दुसरा नाही. लोकांना एक तरी शिल्लक असतो."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. बांगड्यांची पेटी खांद्याला लावायची नाही, चाकांच्या पिशवीतून ओढायची. पाण्याची घागर बंद. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. दिवसात पंधरा बायकांच्या वर भरायचं नाही, आणि दर पाच जणींनंतर जरा विसावा घ्यायचा. "आणि डाव्याला कामाला लावा. त्याला जोर नसू दे. समोरच्या बाईची नुसती बोटं धरून ठेवली तरी उजव्याचा निम्मा ताण जातो."

गौहरनं मान डोलावली. चाकांची पिशवी आली, घागर नौशीनकडं गेली, कूस बदलली. पंधराचा आकडाही ती पाळायला लागली, उरलेल्या बायका नौशीन भरायची. फक्त डाव्याचं तेवढं राहिलं. नौशीन म्हणाली, "अम्मी, मॅडमनी सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं." गौहर म्हणाली, "मॅडमना बाजारात बसायचं न्हाय." विषय संपला.

मे महिन्यात प्रगतीचं लग्न निघालं. निमगावातल्या पानमळ्यावरच्या माधवीची ही लेक, मुलगा माळेगावचा, साखर कारखान्यात नोकरीला. माधवीचा चुडा गौहरनंच भरला होता आणि प्रगतीची बारशाची काळी बांगडीसुद्धा. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सासू-सुनेचं गाडीत ठरलं, की नवरीला गौहर भरेल आणि बाकी सगळ्या नौशीनकडं.

मांडवात सतरंजी अंथरलेली. प्रगती समोर येऊन बसली, हात पुढं केले. एका हातात अकरा, दुसऱ्यात बारा. गौहरनं एकेक बांगडी अशी चढवली की पोरीनं डोळासुद्धा मिटला नाही. चुडा भरून झाला, माधवीनं भाभीच्या ओटीत तांदूळ-नारळ घातला, प्रगती पाया पडली. "सुखात ऱ्हा पोरी," गौहर म्हणाली. खांदा ठणकत होता, पण ठरलेलं काम झालं होतं. उठून बाजूला बसायचं, एवढंच उरलं होतं.

नौशीननं प्रगतीच्या मामीचा हात धरला आणि तिसरीच बांगडी वाढली. काच मामीच्या मनगटाला लागली, रक्ताचा एक थेंब सतरंजीवर पडला. एवढंसंच. पण लग्नाचा मांडव. बायकांची तोंडं उतरली आणि मग सगळ्यांचे हात हळूहळू गौहरच्या दिशेनं वळले.

"भाभी, आमाला तुमीच भरा."

"व्हय भाभी, आजच्या दिवस."

तिनं सांगायला हवं होतं. माझा खांदा निम्मा तुटलाय, एवढं एक वाक्य. सगळ्या शेतात राबणाऱ्या बायका, दुखणं म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण एक हात पदराखाली आणि दुसराही कामातून गेलेला, असं चारचौघींत सांगायचं म्हणजे उद्यापासून बाजारात कशाला बसायचं? "या," ती म्हणाली.

पाच झाल्या. दहा झाल्या. पंधराव्या बाईनंतर नौशीन कानाशी वाकली. "अम्मी, बास."

"गप बस. माप काढ अडीचचं."

विसाव्या बाईपाशी पदराखाली डाव्या हाताची बोटं आपोआप मिटायला लागली, मदतीला यायचं असल्यासारखी. गौहरला ते कळलं. तिनं हात आणखी आत ओढून घेतला.

एकतिसाव्या आल्या साखरबाई, माधवीच्या चुलत सासूबाई. पासष्टी ओलांडलेल्या, पानमळ्यात राबून बोटांची पेरं सुजलेली. त्यांना अडीचचं माप लागत होतं, पण म्हातारी ऐकेना. "माझ्या लग्नात सव्वादोन भरली व्हती. सव्वादोनच भर."

"मावशी, न्हाय जायची."

"तुझ्या हातनं बी न्हाय?"

सगळ्या हसल्या. गौहरही हसली. हेच ते, नाव सांभाळणं. तिनं साखरबाईंचं कोपर गुडघ्यांत धरलं, पंजा आवळला, जोर लावला. बांगडी पेरावर अडली. आणखी जोर लावला. आणि खांद्यात आत कुठंतरी कापड टरकावं तसं झालं. आवाज तिलाच ऐकू आला. बांगडी वर गेली. वाढली नाही.

"बगा, सांगत नव्हते मी?" साखरबाई हात हलवून सगळ्यांना दाखवू लागल्या. गौहरचा उजवा हात मांडीवर पडला होता. तिनं तो उचलायला बघितलं, तो उचलेना. कपाळावर घाम आला, तो पुसायलाही हात नव्हता. अजून सहा जणी बाकी होत्या. "माप संपलं," ती म्हणाली आणि नौशीनकडं न बघता म्हणाली, "उठीव मला."

तरीही लग्नसराई आहे म्हणून तिनं बारामतीला जायला तीन आठवडे लावले. नौशीन रोज भांडत होती. मोठ्या डॉक्टरांनी नवा फोटो बघितला आणि शिवून जमेल का याची खात्री नाही, म्हणाले. शिवलं तरी दीड-दोन महिने हात छातीशी बांधून ठेवायचा, आणि तोवर घरात सगळं कोण करणार? म्हणून शिवायचं राहूनच गेलं. निकिता मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगू नयेत असे आहेत. परकराची नाडी सून बांधायची. अंघोळ सून घालायची, आणि गौहर डोळे मिटून भिंतीकडं तोंड करून बसायची. उजव्या हाताची बोटं चालत होती पण हात तोंडापर्यंत जात नव्हता. डाव्या हातानं जेवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, म्हणून ती ताट उलट्या पातेल्यावर ठेवायची आणि हाताकडं तोंड न्यायची. पहिल्यांदा ते बघून नौशीन मोरीत जाऊन रडली. गौहरनं ऐकलं, आणि घास तसाच चावत राहिली.

बाजारात आता नौशीन बसते. तिचा हात बसलाय. गौहर शेजारी बसून नुसती माप सांगते. बाईनं पंजा पुढं केला की लांबूनच म्हणते, "अडीच," आणि ते चुकत नाही.

नागपंचमीला माहेरवाशिणी येतात आणि नव्या बांगड्या भरतात. प्रगतीही आली. नौशीनसमोरची जागा मोकळी असताना ती गौहरपुढं मांडी घालून बसली आणि हात पुढं केला.

"मला आता जमत न्हाय पोरी. नौशीनकडं बस."

"कळलं मला. आईनं सांगितलं. लई वाईट वाटलं." प्रगतीनं हात मागं घेतला नाही. "मग डाव्यानं धरा की. भरू दे नौशीनवहिनीला."

गौहर दचकली. "डावा कशाला? बायका बगत्यात."

"कोण बगतंय भाभी? लहानपणी मी एकदा तुमच्या पदराखाली बगत होते तर आईनं चिमटा काढला होता. म्हणाली, भाभीच्या त्या हाताकडं बगू नको, तिला आवडत न्हाय. म्हणून आमी कुणीच बगत नव्हतो."

इतकी वर्षं बायका गौहरच्या हातावरून नजर काढून घेत होत्या, आणि ती समजत होती की त्यांना किळस येते. त्या तिचं मन राखत होत्या. सबंध गाव तिचं मन राखत होतं आणि ती गावापासून हात लपवत होती, आणि या दोघांच्या मधे तिचा चांगला खांदा गेला. तिला हंबरडा फोडावासा वाटला. भर बाजारात ते काही करता आलं नाही.

तिनं डावा हात पदराबाहेर काढला. ऊन न लागलेला, पोरीच्या हातापेक्षाही बारीक. त्यानं प्रगतीची बोटं धरली. फार घट्ट नाही, पण धरली. नौशीननं पंजा दाबून बांगड्या चढवल्या, एकेक करत आठ. एकही वाढली नाही. कोंडाळ्यातल्या बायकांनी मापं मागितली, रंग निवडले, घासाघीस केली. हाताकडं कुणी बघितलं नाही.

डाव्या हाताला एवढंच जमत होतं. एवढंच तर हवं होतं, गेली अठ्ठावीस वर्षं.