सुमनच्या फोनला पहिला नंबर

सुमन गेल्याचं मला जळगावात सकाळच्या चहाला कळलं. धुळ्याहून तिच्या पुतण्याचा, महेशचा फोन आला. "अक्का, काकू गेली," एवढंच बोलला. माझी धाकटी बहीण ती... आता महिना होत आला, पण माझा राग काही जात नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तिचा एकुलता एक निलेश कॅनडात. नवरा गेल्यावर ती दिराच्या घरीच राहिली. वायफाय सगळ्या घरात एकच आणि त्याचा कारभार महेशकडे. रविवारी निलेशचा कॉल आला की वर महेशचा पिक्चर, खाली त्याच्या बायकोचे व्हिडिओ, आणि मधे आमची सुमन "ऐकू येतंय का बाळा" करत गॅलरीभर फिरायची. मग तिने युक्ती काढली. वाक्यं लहान करायची आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचं, एक तुटलं तर दुसरं पोचतं. पुढे पुढे माझ्याशीही तसंच बोलायला लागली. मी आमच्या अहिराणीत म्हटलं, "सुमन, मी समोर बठेल शे ना, दोनदा का सांगस?" तर म्हणे, "सवय पडी गयी, अक्का."

निलेशने एकदा तिला समजावलं, राऊटरमध्ये सेटिंग असते, तुझ्या फोनला पहिला नंबर द्यायचा, उरलेलं बाकीच्यांना मिळतं, कुणाचं काही बंद पडत नाही. ती महेशला सांगायला गेली तेव्हा मी तिथेच होते. "जेवलास का एवढं विचारायला पहिला नंबर कशाला लागतो, काकू?" तो म्हणाला. सगळे हसले. सुमनही हसली... तिला त्याच घरात राहायचं होतं ना.

निलेशला वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. मी धुळ्याला पोचले तेव्हा अंगणात सुमनला ठेवलेलं, महेश निलेशला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल धरून उभा. चित्र एकदाही अडकलं नाही, आवाज तर शेजारी बसून बोलावं तसा.

"आज एवढं स्वच्छ कसं दिसतंय?" निलेशने रडतच विचारलं.

"तुझ्या कॉलला पहिला नंबर दिला, दादा. दोन मिनिटांचं काम," महेश म्हणाला, जरा ऐटीतच.

मग निलेश म्हणाला, "मग आई होती तेव्हा का नाही दिला?"

अंगणातल्या प्रत्येकाने ते ऐकलं. महेशने मोबाइल कानाजवळ नेला आणि म्हणाला, "हॅलो, दादा... तुझा आवाज तुटतोय."