देऊन राहिली

महिना झाला. नागपूरहून मेश्रामबाईंच्या भाचीचं कार्ड आलं : 'आत्या गेली. तुमची लय आठवण काढून राहिली होती.' साताऱ्यातल्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं, आणि रडण्याआधी मला हसू फुटलं... या 'राहिली'नं एकदा माझी नोकरी घालवली असती.

सत्तर साल उजाडायचं होतं. नर्सिंग पुरं करून मी नागपूरच्या एका दवाखान्यात लागले. मेश्रामबाई आमच्या बायकांच्या वॉर्डच्या सिस्टर. धरमपेठेतल्या एका खोलीत एकट्या राहायच्या. आवाज असा, की हातातला औषधांचा ट्रे आपोआप सरळ व्हायचा. खिशात बोटभर जाडीची वही : औषधाचं नाव, किती, कसं द्यायचं, आणि कधी द्यायचं नाही ते तांबड्या शाईनं. 'पेनिसिलिन. टेस्ट केल्याबिगर नाही.' नवे डॉक्टरही ती वही हळूच मागायचे, आणि बाई तोऱ्यात द्यायच्या.

एका सकाळी मी सुशीला नर्सला विचारलं, सात नंबरच्या आजींची हृदयाची गोळी? 'देऊन राहिली,' ती पाठमोरीच म्हणाली. म्हणजे, देतेय. मी पडले सातारकरीण. मी ऐकलं, द्यायची राहिली. तक्ता न बघताच दुसरी गोळी घेऊन गेले. आजींनी बिचाऱ्यांनी तोंड उघडलंही. मागून बाई कडाडल्या, 'आजीले विचारलं काय?' आजी म्हणाल्या, 'आत्ताच तं घेतली वं माय.' मी गोळी परत ट्रेमध्ये ठेवली.

'आता लिही,' बाईंनी रिपोर्टची वही पुढे सरकवली.

'नोकरी जाईल हो माझी.'

'गेली तं गेली. आजी हाये न!'

लिहिलं. त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं : नव्या मुलीला इथली बोली कळत नाही हे मला ठाऊक होतं, चूक माझीही आहे. मेट्रननं मला ठेवून घेतलं.

पुढे लग्न होऊन मी परत इकडे आले. त्यांची पत्रं यायची, 'येऊन जाय वं पोरी, संत्री आली.' मी दरवेळी पुढच्या वर्षावर ढकललं. आता जाऊ कुणाकडे?... फार आठवण येते त्यांची, त्या ओरडण्याचीसुद्धा.

गेल्या आठवड्यात भाचीनं ती वही धाडली. मागच्या पानांवर अक्षर कापरं झालेलं. बाईंना स्वतःलाच हृदयाची गोळी सुरू होती, मला एका शब्दानं कळवलं नाही. रोजची तारीख, रोजची नाडी, आणि पुढे 'दिली'. 'घेतली' नव्हे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पेशंटही त्याच आणि नर्सही त्याच. नाडी साठच्या खाली गेली की ही गोळी थांबवून वरच्यांना विचारायचं असतं. शेवटच्या ओळीत नाडी चौपन्न. पुढे तांबड्या शाईत : 'दिली नाही. कोणाले विचारू?'

मला विचारायचं होतंत, बाई.