चार नंबरची डावी बाही

शहाद्याच्या बसस्टँडमागे माझं सीट कव्हरचं दुकान आहे. धडगावच्या घाटात जेवढ्या जीपा चढतात, त्यांतल्या निम्म्या माझं रेक्झिन नेसून चढतात. बाकीच्या निम्म्या उघड्या फिरतात, त्याला माझा इलाज नाही. एकदा माझ्या एका सीटवर एकवीस माणसं, दोन बोकड आणि एक नवरी एवढं सगळं बसून घाट उतरलं. टाका हलला नाही. नवरी अजून नांदते आहे, सीटही.

गेल्या डिसेंबरात कॉलेजातली एक मुलगी दुकानात आली. केळीवाल्या शेतकऱ्याची पोर, हातात मोबाईल. म्हणाली, "काका, अशी सात जाकिटं पाहिजेत. गॅदरिंगले नाच शे."

मोबाईल फोमच्या गुंडाळीला टेकवून तिने सिनेमा लावला. सिनेमा अमेरिकेतला, सत्तर वर्षांपूर्वीच्या पोरांचा. रॉक अँड रोल तेव्हा नुकतं निघालेलं, आणि गावच्या नगराध्यक्षाने गिटारीवर बंदी घातलेली. पोरं डोक्याला पावशेर तेल चोपडून, काळी जाकिटं घालून आइस्क्रीमच्या दुकानात लपतात आणि लपल्या जागी मोठमोठ्याने गातात. पोलीस आला की गातात, गेला की गातात. मास्तर छडी उगारतो, तर छडीचाच ताल धरतात. ढोल वाजवणाऱ्याला तर विंचू चावलेला असावा, आणि तोही दर चार सेकंदांनी. शेवटी नगराध्यक्षाचाच अंगठा बुटातल्या बुटात हलायला लागतो आणि सिनेमा संपतो.

मला इंग्रजी येत नाही, पण त्या नगराध्यक्षाचा मला राग आला नाही. बंदी घालणाऱ्याची बाजू कोणी विचारत नाही. माझ्या घरी त्या वेळी अशीच एक बंदी चालू होती. माझी मुलगी बारावीला, सायन्सला. तिला मी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं की यंदा गॅदरिंग नाही. नाव दिलं, तर परीक्षा होईपर्यंत म्हसावदला मामाकडे रवानगी. आणि जीपच्या रांगेत उभा राहून सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं होतं की मन्ही पोर अठरा तास अभ्यास करस. खरं तर सहा करत असेल. पण सहा तास सांगायला मी दुकान कशाला उघडू?

"चामड्यानी नही भेटाव," मी त्या मुलीला म्हटलं, "पन रेक्झिनमा असं शिवीसन देस की अमेरिकावाला माप लेवाले इथी येतीन."

तिने एक कागद दिला. एक ते सात नंबर, प्रत्येकापुढे छाती, खांदा, गळा, बाही. नावं नाहीत.

"नावं का नहीत?"

"सर बोलनात नंबर लिखा," ती म्हणाली आणि बाहेरच्या बसकडे बघायला लागली. बस उभीच होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

पहिलं जाकीट तिचंच शिवलं, एक नंबरचं. जीपचं काळं रेक्झिन, आत पातळ फोम, कडेला लाल पायपिंग. तिने घातलं आणि हात वर करायला गेली. हात खांद्यापर्यंत आले आणि शेतातल्या बुजगावण्यासारखे तिथेच थांबले.

"काका, हात वर व्हत नही."

"जीपनी सीट कधी हात वर करस का?"

"आम्ही काय सीट शेत का, काका?"

शेजारी पेंटर चाचांचं दुकान आहे. तालुक्यातल्या सगळ्या नंबर प्लेटा त्यांच्या हातच्या. ते ब्रश धुता धुता हसले. म्हणाले, "मास्टर, जुना कुर्तासमा बगलमा चौकोनी तुकडा ऱ्हाये. तो लाव. हात आभाळले लागी."

मी म्हटलं, तेच करणार होतो. बगलेत बनियनच्या कापडाचा चौकोनी तुकडा टाकला. हात आभाळाला लागला नाही, पण दुकानाच्या पंख्याला नक्की लागला असता. चाचांनी पाठीवर पांढऱ्या रंगात 'सातपुडा' लिहून द्यायचं कबूल केलं. सात मुली, म्हणून पोरींच्या टोळीचं नाव सातपुडा. रंगाचे पैसे मात्र घेणार नव्हते. डोंगराचं नाव लिहायचे पैसे घेत नाही, म्हणाले.

दोन नंबर झाला, तीन झाला. चार नंबरचं रेक्झिन अंथरलं, कागद बघून खडूने खुणा केल्या आणि खडू हातातच राहिला.

छाती साडेतेहतीस, खांदा सव्वाचौदा, गळा तेरा. हे आकडे मी जूनमध्ये स्वतः टेप लावून घेतले होते. कॉलेजचा गणवेश याच मशीनवर शिवला होता. माणसाचा चेहरा मी विसरतो, सोयऱ्यांचा तर मुद्दाम विसरतो, पण माप विसरत नाही. ही माझी पोर होती.

शिवाय तिने अजून एक चलाखी केली होती. बाहीचं माप एकच दिलं होतं, एकवीस. तिची डावी बाही सव्वावीस लागते. चौथीत असताना ती जीपच्या टपावरून पडली होती. हाड जुळलं, पण हात पाऊण इंच आखूड राहिला. कागदावर दोन बाह्या लिहिल्या असत्या, तर बाप तिथल्या तिथे ओळखणार, हे तिला ठाऊक होतं.

मी चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर आणखी एक मागवला. दोन्ही बाह्या एकवीसच्या शिवल्या, तर मला काही कळलंच नाही असं होणार. ती नाचणार, आणि डाव्या बाहीची कड तिच्या बोटांवर येऊन चुटकी झाकली जाणार. त्या सिनेमात चुटकी फार. जाकीट शिवायला नाही म्हटलं, तर सातांतलं एक गेलं, आणि सहा पोरींचा सातपुडा होत नाही. सव्वावीसची शिवली, तर मी ओळखलं हे तिला कळणार, आणि मग म्हसावदची धमकी गेली.

"काय व्हयनं मास्टर?" चाचांनी विचारलं. "सुई तुटनी का?"

"नही. माप चुकेल शे," मी म्हटलं, आणि डावी बाही सव्वावीसची कापली.

गुरुवारी ती केळीवाली सातही जाकिटं घेऊन गेली. संध्याकाळी घरी आलो, तर माझी पोर फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेली. अर्धा तास पान उलटलं नाही. तिची आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत भाकरी थापत होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला त्या भाकरीच्या आवाजावरून कळलं.

जेवायला बसलो. पोरीने वरण वाढलं, मग परत वाढलं, तिसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा मी ताटावर हात धरला.

ती म्हणाली, "पप्पा, शनवारले दुकान बंद ठेवशात का?"

"का बरं?"

"असंच."

"शनवारले तीन जीपा येवाव शेत," मी म्हटलं. एकही येणार नव्हती. "पन देखसू."

शनिवारी कॉलेजच्या मांडवात मी चाचांना घेऊन गेलो. माझ्या सीटवर बसणारे सात-आठ ड्रायव्हर आधीच पुढच्या खुर्च्या पकडून बसले होते. दोघांची पोरं नाचणार होती, बाकीचे उगाच आले होते. गाणं सुरू झालं, सात पाठी आमच्याकडे वळल्या, सातपुडा दिसला, आणि चौदा हात एकदम वर गेले. एकही टाका बोलला नाही. डाव्या हाताची चुटकी मागच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट दिसली.

मग त्या सात जणी तोंड फिरवून पुढे आल्या. पुढच्या रांगेतला एक ड्रायव्हर मागे वळला. "मास्टर, ती चौथी तुन्ही पोर शे ना? ती तं अठरा तास अभ्यास करस ना रे?"

सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. चाचा खाली बघून हसत होते, बहुतेक माझ्या चपलेकडे. अंगठा हलत होता, मी थांबवला नाही.

"करस ना," मी म्हटलं. "हाऊ तिना एकोणीसवा तास शे."