एंटर गिळला त्या दिवशी
लॅमिनेशनचा गरम वास आला की मला उंब्रजची लॅब आठवते. शिबिरातले रक्तगट एक्सेलमधून कार्डांवर आपोआप टाइप व्हावेत म्हणून मी कीबोर्ड मॅक्रो लावला आणि ऐटीत चहाला गेलो. मागं अँटीव्हायरसची खिडकी उघडली, तिनं एक एंटर गिळला आणि पुढच्या प्रत्येकाला यादीतल्या शेजाऱ्याचा रक्तगट मिळाला. कार्डं वाटल्यावर एक निवृत्त सुभेदार आले. "काय रं गड्या, पलटणीत ओ पॉझिटिव्ह हुतो, रिटायर झाल्यावर गट बदलतो व्हय?" मी हसलो, यादी बघितली आणि तसाच बाहेर पळालो. दारोदार फिरून कार्डं परत आणली, एका ट्रकवाल्याचं राहिलं. कोयनेच्या घाटातून तो ट्रकवाला फोनवर म्हणाला, "लय झ्याक कार्ड हाय, खिशातच ठेवलंय." मी खरं सांगायच्या आत रेंज गेली. अजूनही ॲम्ब्युलन्स घाटाकडं गेली की मी तो नंबर लावतो. लागत नाही.