बॅनरवरची गोरी बाई

"मॅडम, या फोटोत तुम्ही तुमच्यातल्या वाटतच नाही."

संस्थाचालकांच्या पत्नी म्हणाल्या. चिखलीतल्या आमच्या शाळेची स्टाफरूम. टेबलावर नव्या प्रवेशाच्या बॅनरचा नमुना. सगळ्या शिक्षिका एकसारख्या निळ्या साडीत. दोघीतिघी हसल्या. मीही हसले. म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

थँक्यू. तो शब्द मला अजून बोचतो.

तुमच्यातल्या म्हणजे कोण, ते तिथे सगळ्यांना कळत होतं. मी धाड गावाजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध वस्तीतली. घरातली पहिली पदवीधर. रंगानं काळी. सावळी नव्हे, काळी. माय अशीच, मायची मायही अशीच. शाळेनं नोकरी दिली, त्याचं मला मोल आहे. कदाचित त्या ओझ्याखाली अपमानसुद्धा कौतुकासारखा ऐकू आला.

आणि तो फोटो गोरा कुणी केला? मीच. दरवर्षी मीच. फ्लेक्सच्या दुकानात सगळ्यांचेच चेहरे उजळ करून देतात, न विचारता. माझ्या वेळी मी त्या माणसाच्या खुर्चीमागे उभी राहायचे आणि हळूच म्हणायचे, "भाऊ, अजून थोडं." तो अजून थोडं करायचा. नाक बारीक व्हायचं. डोळे मोठे व्हायचे. मी समाधानानं घरी जायचे.

हे मला कुणी शिकवलं? लहानपणी शेजारच्या घरात ओट्यावर बसून आम्ही टीव्ही पाहायचो. गाण्यात हाक मारायचे ती गोरीला. क्रीम लावलं की नोकरी गोरीला, नवरा गोरीला. एका मालिकेत नायिका काळी होती. मी जीव लावून पाहायचे. मग कळलं, ती गोरीच नटी आहे, तिला रोज काळं फासतात. माझा रंग त्यांना चालत होता. त्या रंगाची मुलगी चालत नव्हती.

मी शिकत होते तेव्हा शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच मला सगळ्यात चांगला यायचा. बाईंनी पुढच्या ओळीत पाटलाची मुलगी उभी केली. मला म्हणाल्या, "तू पडदा ओढ. ताकद आहे तुझ्यात." मी पडदा ओढला. नीट ओढला म्हणून बाईंनी शाबासकी दिली. ती मी घरी येऊन मायला सांगितली. माय खूश झाली.

लग्न ठरलं तेही फोटोवर. नवरा चांगला आहे. लग्नाच्या वाढदिवसाला तो स्टेटसवर माझा फोटो ठेवतो, फिल्टर लावलेला, कारण दुसरा फोटोच मी ठेवू दिलेला नाही. त्याच्या मोबाईलमधल्या त्या बाईचा मला कधी कधी हेवा वाटतो.

नमुना पाहिला त्या आठवड्याच्या रविवारी मी मुलीला घेऊन गावी गेले. शाळेचा गेल्या वर्षीचा बॅनर चौकातून उतरवला होता. मायनं सरपण झाकायला काही मागितलं होतं, म्हणून मी तो आधीच जीपवाल्याकडे देऊन पाठवला होता. आमच्याकडे फ्लेक्सचं पुढे तेच होतं. सरपणावर नाहीतर शेळ्यांच्या छपरावर.

मायनं सरपण उघडंच ठेवलं होतं. बॅनर घराच्या भिंतीवर ठोकला होता. शेजारची म्हातारी विचारत होती, "याच्यात तुही पोरगी कोनती वं?"

मायला फोटोंखालची नावं वाचता येत नाहीत. तिनं बोट ठेवलं. ठामपणे. गणिताच्या मॅडमच्या चेहऱ्यावर.

"हे पाय. माही पोरगी. मी त रोज पदरानं पुसतो तिचं तोंड."

मी मागेच उभी होते. माझी मुलगी पुढे धावली. "आजी, ती नाही. ही मम्मी."

तिनं बरोबर दाखवलं. पांढरंफटक तोंड, बारीक नाक. माझ्या मुलीनं ते ओळखलं. माझ्या मायनं नाही.

मायनं जवळ जाऊन पाहिलं. "हे? हे त कोनी गोरी बाई हाय."

मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "मले काय माहीत, बाई. सगळ्याच पांढऱ्या. मी त्यातल्या त्यात काळी पाहून बोट ठेवलं. म्हनलं, माही पोरगी हाय, थोडी त माह्यासारखी दिसन."

म्हातारीला वाटलं गंमत झाली. ती हसली. "काऊन वं, मायच्या रंगाची लाज वाटते का तुले?"

वाटते, हे उत्तर भिंतीवर ठोकलेलं होतं.

परत निघताना मुलगी म्हणाली, "मम्मी, आजीचा फोटो काढ ना. पण गोरी करून काढ." माय ऐकत होती. तिनं पदर तोंडावर घेतला.

तो पदर मी ओढायला लावला. टीव्हीनं नाही, संस्थेनं नाही. त्यांनी मला शिकवलं, मान्य. पण माझ्या घरात ते मी आणलं, माझ्या हातानं.

सोमवारी मी साधा फोटो घेऊन संस्थाचालकांच्या पत्नींकडे गेले. त्यांनी पाहिला.

"सगळ्या उजळ, आणि मधे तुम्ही एकट्या अशा. पालकांना कसं दिसेल?"

"पालक मला रोज फाटकात पाहतात, मॅडम."

"नाहीतर मग बॅनरवरून तुमचा फोटोच काढून टाकावा लागेल."

"काढून टाका," मी म्हणाले. "पण गोरा करून लावू नका."

नोकरी जाते की काय, असं वाटत होतं. अजून वाटतं.

नवा बॅनर चौकात लागला आहे. त्यात मी नाही. मायनं भिंतीवरचा बॅनर उतरवून सरपणावर टाकला, छापील बाजू खाली करून. मी फोटो काढायला मोबाईल उचलला की ती अजून तोंड फिरवते. मुलगी अजून आरशासमोर पावडर थापते. यातलं काही माझ्या माफीनं मिटणार नाही, म्हणून मी माफी मागत बसलेले नाही.

यंदा गॅदरिंगचा नाच माझ्याकडे आहे. ज्या मुलीला नाच येतो, ती पुढे उभी राहील. मागची काही वर्षं मीच मुलींच्या तोंडाला पावडर लावून त्यांना उभं करत होते. यंदा पावडरचा डबा माझ्या वर्गात येणार नाही.

आणि पुढच्या वर्षी बॅनरसाठी फोटो मागतील, तेव्हा मी हाच साधा फोटो देईन. माझं तोंड हवं असेल तर हे आहे, मायचं. नसेल चालत, तर माझी जागा रिकामी सोडा. तिथे दुसरं कुणी मी म्हणून लावायचं नाही.