तात्यारावांचा अंगठा

तात्याराव मेश्राम आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही सासऱ्यांशी. भंडाऱ्याकडच्या एका तलावाकाठच्या गावात मुलगी बघायला गेले असताना तिच्या वडिलांनी विचारलं, "गळ टाकता येतो का?" तिकडे हा प्रश्न नोकरीच्या आधी येतो. तात्याराव म्हणाले, "येतो की."

मुलगी, म्हणजे प्रेमला, लहानपणापासून बांबूच्या काठीने मासे काढत होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने काठी कशी धरली आहे ते तिने पाहिलं. नवऱ्याला ती त्यावरून अडतीस वर्षं बोलली. पुण्यात आल्यावर मासळीवाल्याच्या पिशवीकडे बघून म्हणायची, "आज किती वेळ बसलात काठावर?"

तात्याराव एका सरकारी कचेरीच्या अभिलेखकक्षातून निवृत्त झाले. जावक क्रमांक पडल्याशिवाय त्यांच्या हातून एकही कागद सुटलेला नव्हता. निवृत्तीनंतर खराडीत नोकरी करणाऱ्या लेकीने, दीक्षाने, त्यांना गळाची काठी आणून दिली. तिच्यावर डब्यासारखं बंद रीळ होतं. पुढे शंकूसारखं झाकण, त्याच्या भोकातून बाहेर आलेला दोरा, आणि मागे अंगठ्याला एक बटण.

"बाबा, एकदम बिगिनरसाठी आहे. दोरा आतच राहतो, सहसा गुंतत नाही. बटण दाबून धरायचं, काठी मागे न्यायची, पुढे आणताना बटण सोडायचं. बस."

"सोडायचं म्हणजे नेमकं केव्हा?"

"ते हाताला कळतं, बाबा."

असं मोघम उत्तर तात्यारावांना चालणार नव्हतं. त्यांनी माहितीपत्रक डायरीत कलमवार उतरवलं. कलम एक, सरावासाठी दोऱ्याला रबरी वजन बांधणे. कलम सात, प्रावीण्य आल्यावर वजन काढून गळ बांधणे. मग येरवड्यातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर सराव सुरू झाला. ते बटण दाबत, काठी मागे नेत, पुढे आणत, आणि अंगठा उचलतच नसत. दोरा न सुटता ताणला जाई आणि वजन उलटं फिरून त्यांच्याच चष्म्यावर येई.

"जावक क्रमांक टाकला नसेल," पापड वाळत घालता घालता प्रेमलाबाई म्हणत.

चौथ्या दिवशी वजन सुटलं आणि सोसायटीचे सचिव रंगराव यांच्या लेंग्यावर आदळलं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'गच्चीवर पाणी फक्त टाकीत असते. मासे नसतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर नेम धरू नये.' तात्यारावांनी ती दोनदा वाचली आणि एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली.

महिनाभराने दीक्षाने दोघांना गाडीत घालून पानशेतच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर नेलं. तात्यारावांनी परवानगीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता. पाणी राखाडी आणि गप्प होतं. त्यांनी बटण दाबलं, काठी मागे नेली, पुढे आणली, आणि अंगठा उचलला. दोरा सरसरत लांब गेला. दीक्षाने टाळी वाजवली. प्रेमलाबाई दगडावर बसून बघत होत्या. त्यांनी नावं ठेवली नाहीत, याचंच तात्यारावांना नवल वाटलं.

दोन तास असे गेले. दोरा लांब पडे, तात्याराव थांबून रिळाची मूठ फिरवत, दोरा रिकामा परत येई.

शेवटी प्रेमलाबाई उठल्या. "अहो, गळ कुठाय?"

तात्यारावांनी टोकाकडे पाहिलं. तिथे रबरी वजन लोंबत होतं.

"तुला कधी दिसलं?"

"पहिल्यांदा टाकलंत तेव्हाच. एवढं छान टाकत होतात, म्हटलं टाकू द्यावं."

तात्यारावांनी डायरी काढली. "सातवं कलम राहिलं. पण प्रावीण्य आलं, हे ठरवायचं कोणी?"

"आलं. मी देते लिहून."

प्रेमलाबाईंनी वजन काढलं, दोरा दातांनी तोडला आणि गळ बांधला. गाठ घालताना त्यांची बोटं एकदाही अडली नाहीत. त्यांनी घरून आणलेल्या कणकेची गोळी लावली. काठीला मात्र हात लावला नाही.

तिसऱ्या फेकीला दोरा ताणला. तळहाताएवढी चिलापी आली. तात्याराव ती धरून उभे राहिले, कुठे ठेवायची ते न कळून.

घरी प्रेमलाबाईंनी ती तळली आणि अख्खी स्वतःच्या ताटात घेतली.

"आणि मला?"

"खायचं कुठे म्हणाला होतात? फक्त गळ टाकता येतो म्हणाला होतात."

थोडा वेळ त्या काटे काढत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "माहेरी गेले की बाबा विचारायचे, जावई काढतात का गं मासे. मी म्हणायचे, काढतात."

"दरवेळी?"

"दरवेळी."

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्रेमलाबाईंनी माशाचा मधला, बिनकाट्याचा तुकडा त्यांच्या ताटात सरकवला.